पान आणि पडदा

लग्नघरची पंगत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. अंगणात मोठा मांडव घातलेला असला, म्हणजे तेथे एका वेळी चार-चार ओळींत पाने मांडली जातात. तेच जेवण ओसरीवर वाढावयाचे असेल, तर दोनच ओळी बसतात. आणि माजघरात वाढावयाचे झाले, तर भिंतीच्या कडेने जेमतेम एक ओळ मावते. मांडव असो वा माजघर असो, वरणभात तोच आणि वाढणारे हातही तेच. बदलते ती केवळ पानांची मांडणी. मांडवातील चार ओळी जशाच्या तशा माजघरात बसविण्याचा हट्ट कोणताही शहाणा यजमान धरीत नाही. तसा हट्ट धरला, तर निम्मे पाहुणे उंबरठ्याबाहेर उपाशी राहतील.

मुलांनो, आज मी तुम्हांला अशाच एका पानाची गोष्ट सांगणार आहे. हे पान केळीचे नव्हे, आणि पुस्तकाचेही नव्हे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर जे उमटते, ते वेबपान होय. असे एक पान मांडताना मी स्वतःच तो हट्ट धरला होता, आणि त्यामुळे एक मुलगी उंबरठ्याबाहेर राहिली. ती चूक प्रथम सांगतो. मग तिचे कारण पाहू.

ही गोष्ट २०१७ सालची. मी त्या वेळी एका गावातील माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेचे एक वेबपान असावे, असे आम्ही ठरविले. कार्यालयातील संगणकाचा पडदा चांगला रुंद होता. त्यावर पाहून मी ते पान मोठ्या हौसेने मांडून घेतले. पानाचे तीन रकाने केले. डावीकडे माझे छायाचित्र, मध्ये रुंद रकान्यात ‘मुख्याध्यापकांचे मनोगत’, आणि उजवीकडच्या अरुंद रकान्यात सूचना. माझ्या खुर्चीत बसून पाहिले, तर पान मोठे देखणे दिसे. दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर ते कसे दिसेल, हे पाहण्याची मला गरजच वाटली नाही.

त्या वर्षी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेत देण्याची शेवटची तारीख उजवीकडील रकान्यात दिली होती. वर्गातही ती सांगितली होती. परंतु आठवीतील एक हुशार मुलगी त्या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळली होती. ती आजीजवळ राहत असे. तिचे आईवडील ऊसतोडीसाठी कोल्हापूरकडे गेलेले होते. एका रात्री फडावरून परतल्यावर तिच्या वडिलांनी मोबाइलवर शाळेचे पान उघडले. अक्षरे मुंगीएवढी दिसत होती. बोटांनी ती मोठी करताच माझे छायाचित्र आणि मनोगत पडदाभर पसरले, आणि उजवीकडील रकाना पडद्याच्या बाहेर गेला. बाहेर गेलेल्या भागात आणखी काही आहे, हे त्यांना कळावे तरी कसे?

ताप उतरल्यावर ती मुलगी छायाचित्र आणि शुल्काचे पैसे घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

“अगं, तारीख तर शाळेच्या पानावर दिली होती,” मी म्हणालो.

“अण्णांनी दोनदा पाहिलं, सर,” ती हळूच म्हणाली. “तारीख तिथं नव्हतीच.”

मी संगणकाकडे बोट दाखविले. तारीख तेथे ठळक दिसत होती. मग एका शिक्षकांचा मोबाइल मागून तेच पान उघडले, आणि माझे बोट आपोआप खाली आले. मुलीचे वडील खरे बोलत होते. त्यांच्या पडद्यावर तारीख नव्हती; तेथे केवळ मी होतो.

असे का घडले? छापील पान आणि वेबपान यांतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. पुस्तक छापणाऱ्याला कागदाची लांबी-रुंदी आधीच ठाऊक असते. ज्या आकारात तो पान छापतो, त्याच आकारात ते प्रत्येक वाचकाच्या हाती पडते. वेबपानाचे तसे नाही. ते तयार करणारा मजकूर पाठवितो, चित्रे पाठवितो, आणि ती कशी मांडावी यासंबंधीच्या सूचना पाठवितो. प्रत्यक्ष मांडणी वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर करतो. म्हणजे वेबपान दर वेळी वाचकाच्या घरी नव्याने मांडले जाते. ते घर मांडवाएवढे आहे की माजघराएवढे, हे पाठविणाऱ्याला ठाऊक नसते.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली मांडली. ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत काम करीत होते. १९९१ साली वेब सर्व जगाला खुले झाले. त्या वेळची पाने अगदी साधी होती. त्यांत बहुतेक मजकूरच असे. पडद्यावरील खिडकी रुंद केली, की ओळी लांब होत. ती अरुंद केली, की शब्द खालच्या ओळीत उतरत. एकही शब्द कडेबाहेर जात नसे. वेबपानाचा मूळ स्वभाव हा असा लवचिक आहे.

पुढे माणसांनी या लवचिक पानाला छापील पानाची सवय लावली. पडदा हा असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. पानाची रुंदी पिक्सेलांत मोजून ती कायमची ठरवून टाकण्याची रीत पडली. संगणकांचे पडदे प्रथम ६४० पिक्सेल रुंद असत. मग ८०० पिक्सेलांचे आले, मग १०२४ पिक्सेलांचे आले. त्यानुसार पानेही रुंदावत गेली. १०२४ पिक्सेलांच्या पडद्यासाठी ९६० पिक्सेल रुंदीचे पान पुष्कळांना सोयीचे वाटे.

२००७ साली आयफोन हा मोबाइल विक्रीस आला. उभा धरल्यास त्याचा पडदा केवळ ३२० पिक्सेल रुंद होता. ९६० पिक्सेलांचे पान त्यात मावावे कसे? त्यासाठी एक युक्ती योजलेली होती. आपला पडदा ९८० पिक्सेल रुंद आहे, असे मानून तो मोबाइल पान मांडी. आणि मग ते सबंध पान आकसून सुमारे एक-तृतीयांश रुंदीचे करून दाखवी. पान मावे खरे, पण अक्षरे वाचवत नसत. ती वाचण्यासाठी मोठी करावीत, तर कडेचा मजकूर बाहेर जाई. इतर मोबाइलांनीही पुढे अशीच युक्ती स्वीकारली. आमच्या शाळेच्या पानाचे जे झाले, ते यामुळेच झाले.

यावर काहींनी एक उपाय काढला. संगणकासाठी एक पान आणि मोबाइलसाठी दुसरे पान, अशी दोन पाने ते करू लागले. परंतु दोन वह्यांत एकच हिशेब लिहिणाऱ्याची जी गत होते, तीच यांची झाली. एका पानावर तारीख बदलावी आणि दुसऱ्यावर ती जुनीच राहावी, असे होऊ लागले. शिवाय पडदे काही दोनच मापांचे नव्हते. मोबाइलपेक्षा मोठे आणि संगणकापेक्षा लहान असे टॅबलेट आले. प्रत्येक मापासाठी निराळे पान करीत कोणी किती काळ बसावे?

या प्रश्नाचे नेमके उत्तर ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने दिले. २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. माणसांच्या वावराला प्रतिसाद देऊन आपले रूप बदलणाऱ्या वास्तूंचा विचार वास्तुकलेत चालू होता. त्या विचारावरून मार्कोट यांनी आपल्या रीतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे ‘प्रतिसादी रचना’, असे नाव दिले. पान एकच असावे, आणि वाचकाचा पडदा पाहून त्याने आपली मांडणी स्वतःच बदलावी, असे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या.

पहिली गोष्ट मापाची. रकान्याची रुंदी पिक्सेलांत न सांगता टक्क्यांत सांगावी. समजा, ९६० पिक्सेलांच्या पानावर सूचनांचा रकाना ३०० पिक्सेलांचा आहे. ३०० ला ९६० ने भागा. उत्तर ०.३१२५ येते, म्हणजे तो रकाना पानाच्या ३१.२५ टक्के आहे. आता पडदा १२८० पिक्सेलांचा असेल, तर रकाना आपोआप ४०० पिक्सेलांचा होईल. ७६८ पिक्सेलांचा असेल, तर २४० पिक्सेलांचा होईल. पडद्याबरोबर रकाना फुलेल आणि आकसेल. तुम्ही वर्गात शिकता तो शेकडेवारीचाच हिशेब येथे उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट चित्रांची. रकाना आकसला आणि चित्र मात्र पूर्वीएवढेच राहिले, तर ते शेजारच्या मजकुरावर पसरेल. म्हणून चित्राला अशी आज्ञा द्यावयाची, की त्याने आपल्या रकान्याच्या शंभर टक्क्यांपेक्षा अधिक रुंद होऊ नये, आणि रुंदी कमी होईल त्याच प्रमाणात उंचीही कमी करावी. उंचीची आज्ञा द्यावयास विसरले, तर चित्रातील गोल चेहरा दुधीभोपळ्यासारखा लांबट दिसू लागतो.

एवढ्याने काम भागले असते, तर तिसऱ्या गोष्टीची गरज पडली नसती. पण पुन्हा हिशेब करून पाहा. आजचे अनेक मोबाइल उभे धरले असता त्यांचा पडदा सुमारे ३६० पिक्सेल रुंद आहे, असे ब्राउझर धरतो. ३६० चे ३१.२५ टक्के म्हणजे ११२.५ पिक्सेल. एवढ्या रकान्यात एका ओळीवर दोन शब्दही धड मावणार नाहीत. माजघरात चार ओळी मावाव्यात म्हणून प्रत्येक पाहुण्याला वीतभर जागा द्यावी, तसा हा प्रकार होईल. येथे ओळींची संख्याच कमी केली पाहिजे.

म्हणून तिसरी गोष्ट अटीची. ‘पडदा अमुक मापापेक्षा अरुंद असेल, तर मांडणी तमुक प्रकारे कर,’ अशी अट पानासोबत पाठविता येते. मार्कोट यांनी आपल्या लेखासोबत नमुन्याचे एक पान केले होते. शेरलॉक होम्सच्या कथांवरून रचलेले ते एक काल्पनिक नियतकालिक होते. त्यावर कथांतील सहा पात्रांची चित्रे होती. साधारण पडद्यावर ती एका ओळीत तीन, अशी दोन ओळींत बसत. पडदा ४०० पिक्सेलांहून अरुंद झाला, की एका ओळीत दोन, अशा त्यांच्या तीन ओळी होत. आणि १३०० पिक्सेल किंवा त्याहून रुंद पडद्यावर सहाही चित्रे एकाच ओळीत जाऊन बसत. चित्रे सहाच्या सहा राहत. त्यांतले एकही गळत नसे. पंगतीची रीत ती हीच.

यांच्या जोडीला आणखी एक छोटी सूचना पानाच्या आरंभी द्यावी लागते: ‘यंत्राच्या पडद्याची जी खरी रुंदी, तीच पानाची रुंदी मान.’ ही सूचना विसरली, तर मोबाइल आपला पडदा ९८० पिक्सेलांचा असल्याचे मानीतच राहतो. मग अरुंद पडद्यासाठी घातलेली अट कधी लागूच होत नाही, आणि सर्व खटाटोप वाया जातो.

मार्कोट यांचा विचार लवकरच रुजला. अमेरिकेतील ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाचे याच रीतीने रचलेले संकेतस्थळ २०११ साली लोकांसमोर आले. त्या कामात मार्कोट यांचाही वाटा होता. वेबचे नियम ठरविणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम’ या संस्थेने अशा अटींच्या नियमांना जून २०१२ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली.

मराठी पान मांडणाऱ्याने आणखी एक काळजी घेतली पाहिजे. आपल्या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी आणि मात्रा असतात, खाली उकार असतात. अरुंद पडद्यावर मजकुराच्या ओळी वाढतात. म्हणून मजकुराच्या चौकटीची उंची कायमची ठरवून ठेवू नये. तशी ती ठेवली, तर शेवटची ओळ कापली जाते. आणि उकार कापला गेला, की ‘मुळा’ चा ‘मळा’ होतो! दोन ओळींत पुरेसे अंतर हवे, आणि चौकटीला खाली वाढण्याची मोकळीक हवी.

आता पुन्हा आमच्या शाळेकडे वळू. २०१८ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी एक माजी विद्यार्थिनी गावी आली होती. वेबपाने रचणे हाच तिचा व्यवसाय. मी तिला सर्व हकीकत सांगितली. ती कार्यालयातील संगणकासमोर बसली. तिने खिडकीची कड धरून ती हळूहळू अरुंद केली. उजवीकडून आधी सूचनांचा रकाना दिसेनासा झाला, आणि मग मनोगताचे शब्द अर्धे-अर्धे कापले गेले.

“सर, पान पुरे झाले, की एवढी एक परीक्षा नेहमी घ्यावी,” ती म्हणाली.

तिने टक्के घातले, चित्राला आज्ञा दिली, अटी लिहिल्या. मग ती थांबली.

“सर, मोबाइलवर तिन्ही रकाने एकाखाली एक येतील. तेथे ओळ एकच. मग सर्वांत वर काय ठेवायचे?”

हा प्रश्न मात्र कोणत्याही हिशेबाने सुटणारा नव्हता. रुंद पडद्यावर सर्व काही शेजारी-शेजारी बसते. त्यामुळे कोण आधी आणि कोण मागून, हे ठरविण्याची पाळी येत नाही. अरुंद पडदा मात्र ते ठरवावयास लावतो. मी माझ्या छायाचित्राकडे पाहिले, मनोगताकडे पाहिले. ऊसतोडीवरून दमून आलेला एक बाप रात्री ते पान उघडतो, तेव्हा तो माझे मनोगत वाचण्यासाठी उघडतो काय?

आपल्याकडे पंगतीत मुले आणि पाहुणे आधी जेवतात, आणि यजमान शेवटी बसतो. मी तिला म्हणालो, “सूचना वर ठेव. त्याखाली परीक्षांचे वेळापत्रक. मनोगत सगळ्यांत शेवटी, आणि तेही निम्मे कर.”

ती हसली. अर्ध्या तासात पान तयार झाले. तिने ते माझ्या मोबाइलवर उघडून माझ्या हातात दिले. पहिल्याच ओळीत पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख होती. ती वाचण्यासाठी मला बोटही हलवावे लागले नाही.

ती आठवीतील मुलगी पुढे शिकली. परंतु आठवीचे वर्ष पुन्हा येत नाही. ते मला तिला परत देता आले नाही. म्हणूनच ही गोष्ट मी तुम्हांला सांगितली. तुमच्यापैकी काही जण मोठेपणी अशी पाने मांडतील. तेव्हा तुमच्यासमोर रुंद, लखलखीत पडदे असतील. परंतु तुमचे पान ज्याच्या हाती पडणार, त्याचा पडदा तळहाताएवढा असू शकेल. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. पान मांडणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे, की ते अंथरूण त्याचे नसते. ते वाचकाचे असते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेबपानाची प्रत्यक्ष मांडणी कोण करतो?
(आ) मुलीच्या वडिलांना तारीख का दिसली नाही?
(इ) ‘प्रतिसादी रचना’ हा विचार कोणी व केव्हा मांडला?

२. कारणे लिहा.
(अ) रकान्याची रुंदी टक्क्यांत सांगूनही काम भागत नाही.
(आ) मराठी मजकुराच्या चौकटीची उंची कायमची ठरवू नये.
(इ) लेखकाने आपले मनोगत शेवटी ठेवावयास सांगितले.

३. ‘त्यांच्या पडद्यावर तारीख नव्हती, तेथे केवळ मी होतो.’ या वाक्यातून लेखकाच्या मनातील कोणती भावना व्यक्त होते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

४. हिशेब करा : ९६० पिक्सेलांच्या पानावर एक रकाना २४० पिक्सेलांचा आहे. तो पानाच्या किती टक्के आहे? पडदा ३६० पिक्सेलांचा असल्यास तो किती रुंद होईल? तेथे तो शेजारी ठेवावा की खाली घ्यावा, ते कारण देऊन सांगा.

५. वाक्यांत उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, हट्ट धरणे, वाया जाणे, पाळी येणे.

६. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांच्या परवानगीने एखादे वेबपान मोबाइल उभा धरून पाहा, मग आडवा धरून पाहा. मांडणीत कोणता फरक पडला, ते वहीत लिहा. त्यानंतर आपल्या शाळेच्या सूचनाफलकावरील मजकूर एकाच अरुंद रकान्यात लिहावयाचा झाल्यास कोणती सूचना सर्वांत वर ठेवाल, ते ठरवा आणि कारण सांगा.